विमानतळाजवळची जमीन: 'मिहान'चा हिशेब आणि राळेगावसाठी धडा

राळेगाव (जि. यवतमाळ): राळेगाव तालुक्यातील वडकीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ७, हिंगणघाट, जाम आणि बुटीबोरी ओलांडून नागपूरच्या वेशीवर पोहोचतो. तेथे खापरीजवळ 'मिहान' प्रकल्पाचा विस्तार सुरू होतो. कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या या तालुक्याचा त्या प्रकल्पाशी थेट संबंध नाही, असे वरवर पाहता वाटेल. परंतु महामार्गालगतच्या वावरांची चौकशी करणारे दलाल, इसाराच्या रकमा घेऊन फिरणारे मध्यस्थ आणि 'येथे काहीतरी मोठे येणार' ही कुजबुज विदर्भातील कोणत्याही महामार्गालगतच्या गावाला नवी नाही. म्हणूनच खापरी, शिवणगाव आणि आसपासच्या गावांत गेल्या दोन दशकांत काय घडले, हे वडकीच्या शेतकऱ्यानेही समजून घेण्याची गरज आहे.

विमानतळाभोवतालच्या जमिनीची किंमत मुख्यतः नियोजनाचा नकाशा ठरवतो. नकाशावर जमिनीचा रंग हिरव्याचा जांभळा झाला, म्हणजे शेतीऐवजी उद्योगाचा झाला, की तिचे मोल अनेक पटींनी वाढते. ही वाढ जमीन शेतकऱ्याकडे असताना होते की त्याच्याकडून गेल्यानंतर, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

मूळ कल्पना

देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरचा लाभ नवा नाही. १९४९मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथून निघालेली विमाने नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. मालवाहतुकीचे मध्यवर्ती केंद्र म्हणून नागपूर विकसित करण्याच्या कल्पनेचे मूळ या भूगोलात आहे. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी २००२मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली. सोनेगाव येथील विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. २००९मध्ये या विमानतळाचे संचालन राज्याची कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या संयुक्त कंपनीकडे गेले.

विमानतळ, त्याला लागून विशेष आर्थिक क्षेत्र, त्याबाहेर अन्य उद्योग, निवासी वसाहती, रुग्णालय आणि शिक्षणसंस्था अशी मिहानची रचना आहे. प्रकल्पाची एकूण व्याप्ती सुमारे चार हजार हेक्टर आहे. खापरी, शिवणगाव, चिंचभुवन, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, जयताळा आणि भामटी या गावांच्या शिवारावर हा आराखडा उभा राहिला. नगर रचना कायद्यानुसार या क्षेत्राचे नियोजन विमानतळ विकास कंपनीकडेच विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून सोपविण्यात आले. परिणामी जमिनीचा वापर ठरविणारी, भूखंडांचे वाटप करणारी आणि त्यांतून उत्पन्न मिळविणारी संस्था एकच झाली. निर्णय वेगाने व्हावेत, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. मात्र नियोजनकर्ता आणि विक्रेता एकच असेल, तर आक्षेप घेणाऱ्या ग्रामस्थाला त्रयस्थ दार उरत नाही.

एकाच जमिनीवर तीन रेषा

विमानतळाजवळच्या जमिनीवर एकाच वेळी तीन वेगवेगळ्या रेषा ओढल्या जातात, हे सर्वसामान्य भूधारकाला ठाऊक नसते.

पहिली रेषा भूवापराची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होणाऱ्या आराखड्यात कोणती जमीन शेतीची, कोणती निवासी, कोणती औद्योगिक आणि कोणती सार्वजनिक कामासाठी आरक्षित, हे ठरते. नागपूर महानगर प्रदेशातील शेकडो गावांवर अशाच आराखड्याचा अंमल आहे.

दुसरी रेषा उंचीची. विमानाच्या सुरक्षिततेसाठी विमानतळाभोवती कल्पित पृष्ठभाग आखले जातात. मोठ्या विमानतळाच्या बाबतीत सुमारे चार किलोमीटरच्या परिघात विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटर उंचीवर असा एक आडवा पृष्ठभाग मानला जातो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडे मर्यादा याहूनही कडक असतात. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशातील लाल पट्ट्यात बांधकाम करावयाचे असेल, तर प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. अन्य पट्ट्यांत ठरलेल्या उंचीपर्यंत स्थानिक संस्था परवानगी देऊ शकते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून उड्डाण करताच एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या इमारतीवर कोसळले. धावपट्टीच्या रेषेत दाट वस्ती असण्याचा धोका त्या घटनेने देशासमोर आणला.

तिसरी रेषा विशेष आर्थिक क्षेत्राची. या रेषेच्या आतील भाग सीमाशुल्काच्या दृष्टीने जणू परदेशी भूमी मानला जातो. आतील उद्योगाला करसवलती असतात, पण त्याने देशांतर्गत बाजारात माल विकला तर त्यावर आयातीप्रमाणे शुल्क भरावे लागते.

तिन्ही रेषा वेगवेगळ्या कायद्यांखाली आणि वेगवेगळ्या कार्यालयांतून आखल्या जातात. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र त्यांपैकी बहुतांश बाबींचा उल्लेख नसतो. आपल्या धुऱ्यापलीकडची जमीन कोणत्या रंगात गेली, हे त्याला दलालाकडून कळते. माहितीतील ही विषमता जमिनीच्या बाजारातील खरे भांडवल आहे.

दोन दशकांचा हिशेब

मिहानमध्ये काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एअर इंडियाने २००५-०६मध्ये केलेल्या विमानखरेदीच्या अनुषंगाने बोइंगने येथे विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारले आणि ते २०१५मध्ये कार्यान्वित झाले. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, टेक महिंद्र या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या, तसेच औषधनिर्मितीतील ल्युपिनही आली. फ्रान्सची दसॉ आणि रिलायन्स यांच्या संयुक्त प्रकल्पाची पायाभरणी ऑक्टोबर २०१७मध्ये झाली. फाल्कन २००० या विमानाची संपूर्ण जुळणी नागपुरात करण्याची घोषणा जून २०२५मध्ये झाली. एम्स आणि भारतीय व्यवस्थापन संस्था यांच्या कायमस्वरूपी संकुलांचे लोकार्पण २०२२मध्ये झाले. यवतमाळ जिल्ह्यातील रुग्णांना आज मिहानचा सर्वांत मोठा उपयोग होत असेल, तर तो एम्समुळे.

असे असले, तरी अपेक्षा आणि वास्तव यांतील अंतर मोठे आहे. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे मूळ स्वप्न मागे पडले आणि माहिती तंत्रज्ञान, शिक्षण व आरोग्य ही क्षेत्रे पुढे आली. दुसरी धावपट्टी हवाई दलाच्या जमिनीच्या अदलाबदलीत आणि नंतर विमानतळाच्या खासगीकरणाच्या वादात अडकली. विमानतळ चालविण्यासाठी जीएमआर कंपनीने निविदा जिंकली, पण मार्च २०२०मध्ये ती प्रक्रिया रद्द करण्यात आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२१मध्ये हा निर्णय फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही करार होण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडला. त्याच महिन्यात सुमारे ७,००० कोटी रुपयांच्या विस्ताराची पायाभरणी झाली. धावपट्टीवर विसंबून जमीन घेतलेल्या उद्योगांची या काळातील उत्तम वर्षे निघून गेली.

धोरणातील चढउतारांचाही फटका बसला. विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा २००५मध्ये झाला. गुंतवणूकदारांनी जमिनी घेतल्या त्या करसवलतींच्या भरवशावर. २०११च्या अर्थसंकल्पात या उद्योगांनाही किमान पर्यायी कर लागू झाला. २०२०नंतर सुरू होणाऱ्या नव्या उद्योगांसाठी प्राप्तिकरातील सवलतही संपली. नकाशावरची विशेष क्षेत्राची रेषा कायम राहिली, पण ती ज्यासाठी ओढली होती ते आकर्षण ओसरले. अनेक कंपन्यांनी घेतलेले भूखंड वर्षानुवर्षे रिकामे राहिले. काहींना नोटिसा गेल्या, काहींच्या जमिनी परत घेण्यात आल्या. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा टाटा-एअरबस प्रकल्प मिहानमध्ये यावा, अशी अपेक्षा २०२२मध्ये जाहीरपणे व्यक्त झाली होती. तो वडोदऱ्याला गेला. जमीन तयार असणे ही उद्योग येण्याची पुरेशी अट नाही, हा त्याचा अर्थ.

पतंजलीच्या अन्नप्रक्रिया उद्यानाचे उदाहरणही बोलके आहे. २०१६मध्ये सुमारे २३० एकर जमीन देण्यात आली. जमिनीच्या दरावरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. सरकारची बाजू अशी होती की जमीन अविकसित होती आणि ती निविदेद्वारे दिली गेली. प्रकल्पाचे उद्घाटन मार्च २०२५मध्ये झाले. संत्रा उत्पादकांना त्याचा लाभ झाला, तर ते स्वागतार्हच आहे. पण मधल्या आठ-नऊ वर्षांत त्या जमिनीने ना पीक दिले, ना पुरेसा रोजगार, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

शेतकऱ्याच्या पदरी काय?

मिहानसाठीचे बहुतांश भूसंपादन १८९४च्या कायद्याच्या काळातले आहे. त्या कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट तरतूद होती: संपादनानंतर जमिनीचा जो वापर होणार आहे, त्यामुळे वाढणारी किंमत मोबदला ठरविताना विचारात घेऊ नये. म्हणजे जमीन विमानतळासाठी घ्यायची, पण मोबदला ती जणू कायम ज्वारी-कपाशीचीच राहणार आहे असे समजून द्यायचा. बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम, ही त्यातील मुख्य भर. शेतमजूर, बटाईदार आणि गावातील कारागीर यांना त्या हिशेबात जवळजवळ जागाच नव्हती.

शिवणगावच्या भूधारकांनी वाढीव मोबदला आणि समाधानकारक पुनर्वसन यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यांचा रोष विकासावर होता, असे चित्र काही वेळा रंगविले गेले. त्यांच्या मागण्या पाहिल्या, तर रोष वाटपाच्या पद्धतीवर होता, असे दिसते. कुंपणापलीकडे ज्यांची जमीन वाचली, ते काही वर्षांत सधन झाले. कुंपणाच्या आत ज्यांची गेली, ते मोबदल्याच्या खटल्यांत अडकले. एकाच गावातील दोन भावांच्या नशिबात हा फरक केवळ नकाशावरील एका रेषेने पडावा, यात न्याय कोणता?

नवी मुंबईने काय मिळविले

या प्रश्नाला महाराष्ट्रातच एक उत्तर मिळालेले आहे, आणि ते संघर्षातून मिळाले आहे. नवी मुंबई उभारण्यासाठी सिडकोने रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावांचे स्थलांतर झाले, तेव्हा हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

या तत्त्वाचे मर्म रकमेत नाही. जमिनीचा रंग बदलल्यानंतर होणाऱ्या भाववाढीत मूळ मालक भागीदार राहतो, हे त्याचे मर्म आहे. त्याच विमानतळाभोवतालच्या 'नैना' क्षेत्रासाठी २०१३मध्ये सिडकोची नेमणूक झाली. तेथे नगर रचना योजनांतून शेतकऱ्याला मूळ क्षेत्राच्या ४० टक्के विकसित भूखंड वाढीव चटई क्षेत्रासह परत देण्याची पद्धत स्वीकारली गेली. तीही वादातीत नाही. लहान भूधारकाला ४० टक्क्यांत मिळणारा तुकडा बांधकामायोग्य उरतो का, हा तेथील शेतकऱ्यांचा आक्षेप आहे. शिवाय विकसित भूखंड हाती पडायला वर्षे लागली, तर गरजू शेतकरी तो कागदावरच विकून मोकळा होतो आणि भागीदारी पुन्हा गुंतवणूकदाराच्या खिशात जाते. पुरंदर येथील नियोजित विमानतळाला सात गावांतून २०२५मध्ये झालेला विरोध पाहता, हा अविश्वास राज्यभर मुरला आहे.

नवा कायदा आणि त्याच्या मर्यादा

१ जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने परिस्थिती बदलली, यात शंका नाही. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनचा गुणांक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे मोबदला बाजारभावाच्या दुप्पट ते चौपट होतो. सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के आणि खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. जमिनीवर उपजीविका असलेल्या भूमिहीनांचीही दखल घेतली गेली. कलम १०१ नुसार ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाकडे किंवा भूमी बँकेकडे जावी, अशी तरतूद आहे. कलम १०२ त्याहून महत्त्वाचे आहे. विकास न करता संपादित जमीन पाच वर्षांच्या आत चढ्या किमतीला दुसऱ्याकडे गेली, तर वाढीव किमतीतील ४० टक्के वाटा मूळ धारकांना द्यावा, असे ते सांगते. पण या कायद्याखाली घेतलेल्या जमिनींनाच ही कलमे लागू होतात.

येथेच सावध राहावे लागते. औद्योगिक वसाहतीसाठीचे संपादन प्रायः महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली होते. शेतकऱ्याच्या हाती कलम ३२(२) ची नोटीस पडते, तेव्हा ती या राज्य कायद्याखालची असते. २०१८च्या राज्य दुरुस्तीने मोबदल्याचे केंद्रीय निकष या कायद्यालाही लावले. मात्र संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास किंवा न वापरलेली जमीन परत मिळण्याचा हक्कही त्याबरोबर आपोआप आला, असे समजण्याचे कारण नाही. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असावा.

दुसरी बाब खरेदीखतावर दाखविल्या जाणाऱ्या रकमेची. मोबदल्याचा पाया शीघ्र सिद्धगणकातील दर किंवा मागील तीन वर्षांच्या नोंदणीकृत व्यवहारांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यांपैकी अधिक असेल तो असतो. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी व्यवहाराचा काही भाग रोखीत ठेवण्याची रीत गावोगावी आहे. समजा, एकरी १५ लाखांचा व्यवहार कागदावर १० लाखांचा दाखविला आणि गावातील व्यवहारांची तीच पातळी राहिली. गुणांक दोन आणि दिलासा शंभर टक्के धरला, तर मोबदला ६० लाखांऐवजी ४० लाख होतो. कागदावर लपविलेला प्रत्येक लाख रुपया गावाला एकरी चार लाखांना पडतो.

यवतमाळ जिल्ह्याचे चित्र

आपल्या जिल्ह्यातही विमानतळ आहे, याचा विसर पडावा अशी स्थिती आहे. यवतमाळजवळच्या भारी येथील जवाहरलाल दर्डा विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाने २००९मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासह रिलायन्स समूहातील कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही. पुढे हे विमानतळ परत घेण्याची भूमिका राज्य सरकारने घेतली. शेजारच्या अमरावतीत बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली आणि पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४मध्ये झाली. त्यामुळे यवतमाळातही जमिनीच्या चर्चांना नव्याने ऊत येणार, हे उघड आहे.

वास्तविक कापसाला विमान लागत नाही. लोहारा औद्योगिक वसाहतीतील रेमंडचा डेनिम कारखाना या जिल्ह्यात उभा राहिला, तो कापूस, मनुष्यबळ आणि रस्ते यांच्या आधारावर. राळेगावसारख्या तालुक्याला उद्योग हवा असेल, तर सरकी, रुई, सूत आणि डाळ यांच्या साखळीला अनुरूप अशी थोडी पण पाण्या-विजेसह सज्ज जमीन उपयोगी पडेल. शेकडो एकरांवर जांभळा रंग फासून वीस वर्षे वाट पाहणे या तालुक्याला परवडणारे नाही. येथील सरासरी शेतकऱ्याकडे वाट पाहण्याइतके भांडवल नाही.

काय व्हायला हवे

मिहानच्या अनुभवावरून चार गोष्टी ठामपणे सांगता येतात. प्रस्तावित भूवापराचा नकाशा ग्रामसभेत मराठीत, गट क्रमांकांसह लावला जावा आणि त्यानंतरच जमिनीचे व्यवहार व्हावेत. संपादित जमिनीचा काही हिस्सा विकसित स्वरूपात मूळ मालकाला, आणि तोही ठरलेल्या मुदतीत, परत मिळावा. उद्योगाला दिलेला भूखंड मुदतीत वापरला नाही, तर तो परत घेण्याची कारवाई आपोआप सुरू व्हावी आणि रिकाम्या भूखंडांची यादी दरवर्षी जाहीर व्हावी. शेवटची गोष्ट, नियोजन करणारी यंत्रणा आणि भूखंड विकणारी यंत्रणा यांच्यात अंतर असावे.

यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. नवी मुंबईत तिचे काही अंश प्रत्यक्ष आले आहेत. तोवर महामार्गालगतच्या शेतकऱ्याने इसारचिठ्ठीवर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी तालुक्याच्या कार्यालयात जाऊन आपल्या गटाचा भूवापर दाखला मागावा, साठेखतातील प्रत्येक अट वाचून घ्यावी आणि खरेदीखतावर खरी रक्कम लिहावी. खापरी-शिवणगावच्या शेतकऱ्यांना ही माहिती फार उशिरा मिळाली. वडकी-राळेगावच्या शेतकऱ्याला ती वेळेवर मिळू शकते, आणि जमीन हातात असेपर्यंतच तिचा उपयोग आहे.